कौलं की माळवद: सोलापुरातल्या एका वाड्याचं पूर्वरूप चित्र

सोलापूरच्या जुन्या गावठाणात एक दोनचौकी वाडा आहे. पुढचा चौक ढासळलेला, मागच्या चौकात अजून घर नांदतं. वाडा मूळचा कसा दिसायचा हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून वारसांना दारापाशी एक फलक लावायचा होता. चित्र काढून, रंगवून तयार झालं आणि छपाईला जाण्याच्या आदल्या आठवड्यात थांबवावं लागलं, कारण छप्परच चुकलं होतं: माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, जागी उतरती कौलं दाखवली होती. एकदा छप्पर चुकलं की दर्शनी भिंतीची उंची चुकते, सज्जाची जागा चुकते, पावसाचं पाणी कुठून पडतं तेही चुकतं. चित्र पुन्हा कसं उभं केलं, त्याची ही नोंद. घर खाजगी असल्याने पेठेचं आणि घराण्याचं नाव दिलेलं नाही. खालच्या सगळ्या उंच्या आतल्या जोत्याच्या पातळीपासून मोजलेल्या आहेत.

पहिलं चित्र

पहिल्या चित्रात दोन मजले होते, वर उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर, चौकाभोवती सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, खांबांमध्ये महिरपी आणि दरवाज्यावर नगारखाना. चित्र देखणं होतं. आधार मात्र दोनच: वारसांकडचा लग्नाचा एक जुना ग्रुप फोटो आणि पुण्याच्या वाड्यांचे पुस्तकांतले फोटो. ग्रुप फोटोत मंडळींच्या डोक्यांवर कौलांची कड स्पष्ट दिसते. एवढ्यावरून छप्पर उतरतं धरलं, आणि छप्पर पुण्यासारखं आहे म्हणून बाकीचं लाकूडकामही तिथलंच घेतलं.

फोटो खोटा नव्हता, तो दुसऱ्या काळातला होता. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला १८६५ मध्ये काढला. सोलापूरला रेल्वे पोचली १८६० मध्ये. म्हणजे या वाड्यावर अशी कौलं चढली ती १८६५ नंतरच. वारस वाडा पेशवाईच्या अखेरचा सांगतात आणि फलकावर तोच काळ हवा होता. असं असताना कौलं दाखवली तर नंतर केलेली दुरुस्तीच मूळ रूप म्हणून खपते.

पूर्वरूप चित्रातली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. फ्रान्समध्ये कारकासोन या जुन्या शहराच्या तटबंदीचं काम वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूकने १८५३ पासून हाती घेतलं, तेव्हा बुरुजांवर उंच, टोकदार, स्लेटची शंकूसारखी छपरं बसवली. त्या दक्षिणेच्या मुलखात पसरट कौलांची चाल होती. उत्तर फ्रान्सचं छप्पर दक्षिणेच्या बुरुजावर चढवलं, ही टीका त्या कामावर आजही होते. तिथे दगडात झालं ते इथे कागदावर झालं. कागद बदलता येतो, पण फलक एकदा लागला की शाळेच्या सहलीतली मुलं तेच चित्र वहीत उतरवतात.

उत्तरेची भिंत काय सांगते

पुढच्या चौकाची उत्तर भिंत बोळाला लागून आहे आणि जवळजवळ पूर्ण उंचीची, ७.३० मीटर, उभी आहे. छपराचा निकाल याच भिंतीने दिला. म्हणून तिच्यावर इतर सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ घालवला, आणि तो सार्थकी लागला.

भिंतीच्या आतल्या अंगाला कड्यांची घरं, म्हणजे छताच्या आडव्या लाकडांची (कड्यांची) टोकं बसायची भोकं, दोन ओळींत आहेत. खालच्या ओळीत १४ घरं, प्रत्येक ११० बाय १३० मि.मी., मध्यापासून मध्यापर्यंत ३४० मि.मी. अंतर, तळ ३.०५ मीटरवर. वरच्या ओळीचा तळ ५.९० मीटरवर. तिथली घरं मोठी आहेत, १४० बाय १६० मि.मी., आणि दाट, ३०० मि.मी.वर एक. साध्या दुमजली घरात वरच्या कड्या खालच्यांपेक्षा हलक्या असाव्यात, कारण मजल्यावर माणसं आणि धान्य असतं, वर फक्त छप्पर. इथे उलट आहे. सुताराने वर जाड लाकूड जवळजवळ लावलं ते वर ओझं मोठं होतं म्हणून.

त्या ओझ्याचा हिशेब करता येतो. मंगलोरी कौलं, पट्ट्या आणि वासे मिळून चौरस मीटरला ६०-७० किलो भरतात. माळवदाची माती पाव मीटर जाड धरली तरी कोरड्यात चौरस मीटरला ४०० किलो, पावसात भिजली की त्याहून बरीच जास्त. कौलांसाठी १६० मि.मी. खोलीच्या कड्या फूट-फूट अंतरावर कोणी लावत नाही.

तरीही एका खुणेवर थांबायचं नाही. कुठे दुसऱ्या पडक्या घरातलं जाड लाकूड सापडलं म्हणून वापरलं, असंही घडतं. म्हणून आणखी तीन खुणा तपासल्या.

पहिली, दगडी पन्हळी. बोळाच्या बाजूला तीन आहेत, तिन्हींचा तळ ६.३६ मीटरवर. कडीचा माथा ६.०६, त्यावर किलच (कड्यांवर आडव्या टाकलेल्या लाकडी चिपा) आणि पाल्याचा थर मिळून ५० मि.मी. धरला तर ६.११. तिथून पन्हळीपर्यंत २५० मि.मी. उरतात. पांढऱ्या मातीचा हाच थर, आणि तोही उताराच्या खालच्या कडेचा. उतरत्या कौलांना भिंतीतून पन्हळ काढण्याचं कारणच नसतं.

दुसरी, भिंतीच्या पोटातला जिना. इथे भिंत १.१५ मीटर जाड आहे आणि जिन्याची रुंदी ६२० मि.मी. पायरी २६० मि.मी. उंच, चढताना गुडघ्याला जाणवणारी. १३ पायऱ्यांनी ३.३८ मीटरवर वरच्या मजल्याची जमीन येते. पण जिना तिथे थांबत नाही. पुढे आणखी आठ पायऱ्या शाबूत आहेत, त्यापुढचा भाग कोसळला आहे. याच चढाने बारा पायऱ्या पूर्ण केल्या तर ६.५० मीटर येतात, म्हणजे पन्हळीच्या तळापेक्षा १४० मि.मी. वर. माळवदावरचं पाणी जिन्यात शिरू नये म्हणून दाराला एवढा उंबरा लागतोच. पन्हळ आणि जिना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी मोजले होते आणि आकडे एकमेकांत बसले. उतरत्या कौलांवर रोज कोणी जात नाही. माळवदावर जातात: ज्वारी, कुरडया, मिरच्या वाळवायला आणि उन्हाळ्यात रात्री झोपायला.

तिसरी खूण कौलांचीच. भिंतीच्या पूर्वेकडच्या टोकाला ६.२० मीटरपासून ७.२० मीटरपर्यंत चढत जाणारी चुन्याची तिरपी रेघ आहे, साधारण २५ अंशांची. कौलांची कड भिंतीला भिडायची तिथला सांधा त्या रेघेने बुजवला होता. रेघेखाली जुना गिलावा अखंड आहे आणि रेघेच्या वरही तोच आहे. आधी गिलावा केलेला कठडा, मग त्यावर कौलांची रेघ, असाच क्रम निघतो. शिवाय रेघेजवळच्या दुरुस्तीतल्या विटा ७५ मि.मी. जाड आहेत, तर मूळ भिंतीतल्या ४० ते ४५ मि.मी.च्या चपट्या. विटेची जाडी मोजायला अर्धा मिनिट लागतो आणि दोन काळ वेगळे करायला ती फार उपयोगी पडते.

निकाल असा: मुळात सपाट माळवद, त्याला सुमारे ९०० मि.मी. कठडा. नंतर कधीतरी पुढच्या सोप्यावरची (चौकालगतच्या ओसरीवरची) माती उतरवून कौलं घातली. माती उतरवण्याचं कारण ओळखीचं आहे. दर वर्षी पावसाच्या तोंडावर माळवदावर नवी माती पडते, जुनी क्वचितच काढतात, थर चढत जातो, कड्यांच्या टोकांना ओल आणि वाळवी लागते, आणि एक दिवस कडी भिंतीतच मोडते. वरच्या ओळीतल्या दोन घरांत कुजलेल्या लाकडाचा भुगा अजून आहे.

चौक, दार, जोतं

चौकाभोवती खांबांचे तळखडे (खांबाखालचे दगड) मूळचे बारा असावेत, एका बाजूला कोपरे धरून चार. नऊ जागेवर आहेत, मध्यापासून मध्यापर्यंत १.८५ मीटर. दहावा शेजारच्या परसात धुण्याचा दगड म्हणून सापडला. माथा ३८० मि.मी. चौरस, उंची २४०, छिन्नीचे टाके तसेच, आणि माथ्यावर कुसू (खांबाच्या बुडाचं टोक) बसायची ५५ मि.मी. व्यासाची खाच. दोन अजून बेपत्ता आहेत.

पहिल्या चित्रात चौक काटकोनी चौरस होता. प्रत्यक्षात चारी बाजू ५.५५ मीटर असल्या तरी कर्ण एक ७.७९ आणि दुसरा ७.९१ मीटर निघाला. म्हणजे चौक किंचित कलता आहे, बोळाच्या वळणाला धरून. नुसत्या बाजू मोजून हे कधीच कळत नाही. दोन्ही कर्ण घेतल्याशिवाय चौक मोजला असं म्हणू नये. नव्या चित्रात तो कलताच ठेवला.

खांबांबद्दल तळखडा एवढंच सांगतो: बुडाशी २०५ मि.मी.चा चौकोनी ठसा आहे. सुरूचा खांब होता की साधा कडा मारलेला, हे ठशावरून ठरत नाही. म्हणून साधा चौकोनी खांब दाखवला आणि तो तर्क आहे असं रेघेनेच सांगितलं. महिरपी काढून टाकल्या.

दरवाज्याचं लाकूड संपूर्ण गेलं आहे, तरी दार बरंच बोलतं. चौकटीच्या मागे उजव्या भिंतीत १२० मि.मी.चं चौकोनी भोक आहे, २.०५ मीटर खोल, आणि समोर डाव्या भिंतीत तेवढंच भोक फक्त २२० मि.मी. खोल. हे अडसराचं घर. दाराची रुंदी १.९० मीटर, त्यामुळे अडसर साधारण २.२० मीटरचा. पूर्ण आत ढकलला तरी सुमारे १५० मि.मी. टोक बाहेर राहणार, रात्री तेच धरून ओढायचं. भोकाच्या खालच्या कडेचा दगड घासून गुळगुळीत झाला आहे, बोट फिरवलं तर मधोमध उथळ पन्हळ लागते. चौकटीच्या खाचेपासून भोकापर्यंत ९५ मि.मी. अंतर आहे, म्हणजे फळ्या आणि मागच्या आडव्या पट्ट्या मिळून दार ९० मि.मी.च्या आतलं. अडसर आत आहे, तेव्हा दार आत उघडणारं. हत्तीचे खिळे, दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार) यांचा पुरावा नाही, म्हणून ते चित्रात नाहीत.

जोत्याची चूक मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती. आज रस्ता जोत्याच्या माथ्यापासून फक्त ११० मि.मी. खाली आहे आणि पहिल्या चित्रात तसाच घेतला होता. त्यामुळे वाडा जमिनीत रुतल्यासारखा दिसत होता. वारसांच्या संमतीने दर्शनी कोपऱ्याला ६०० मि.मी. चौरस खड्डा घेतला. ६८० मि.मी. खाली जुनी फरसबंदी लागली. म्हणजे जोतं ७९० मि.मी. उंच, आणि २६० मि.मी.च्या हिशेबाने दाराला तीन पायऱ्या. त्यातल्या सर्वांत खालच्या पायरीची कडही खड्ड्यात दिसली. (हा वाडा संरक्षित यादीत नाही. संरक्षित वास्तूत किंवा तिच्यालगत असा वीतभर खड्डाही परवानगीशिवाय घेऊ नये.) रस्त्यावर डांबर आणि सिमेंटचे थर चढत जातात, त्यामुळे गावठाणातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घराचं जोतं असं गिळलं गेलेलं असतं.

सज्जा होता हे नक्की. दर्शनी भिंतीच्या उत्तर टोकाला मजल्याच्या पातळीवर दोन भोकं भिंतीच्या आरपार आहेत आणि बाहेरून ७५ मि.मी.च्या विटांनी बुजवलेली आहेत. मजल्याच्याच कड्या बाहेर काढून सज्जा तोलला होता. किती बाहेर, ते माहीत नाही. गावठाणातल्या इतर जुन्या घरांवरून ६०० मि.मी. धरले.

मोजणीतल्या काही गोष्टी

नगर भूमापनाचा नकाशा १:५०० चा. त्यावर बाहेरची हद्द मिळते, आतलं काही मिळत नाही. हद्द जुळवण्यापुरताच तो वापरला.

दर्शनी आणि उत्तर भिंतीसाठी फोटोंवरून त्रिमितीय मोजणी केली, सुमारे ३१० फोटो, शेजारच्या फोटोंत ७०-८० टक्के भाग सामाईक. पहिला प्रयत्न वाया गेला, कारण फोटो दुपारच्या उन्हातले होते. कड्यांची घरं काळीकुट्ट आली आणि तळ मिळेना. दुसऱ्यांदा उजाडल्यावर, ऊन भिंतीवर येण्याआधी फोटो घेतले. फोनची रुंद कोनाची भिंग बंद ठेवली, नाहीतर भिंतीच्या कडा वाकतात. दोन-दोन मीटरच्या पट्ट्या भिंतीला उभ्या-आडव्या लावल्या आणि फोटोतून आलेल्या मापांची दहा ठिकाणी फितीने पडताळणी केली.

उत्तर भिंत माथ्याशी ८५ मि.मी. बाहेर कललेली आहे. मोजणीच्या नकाशात ती कललेलीच दाखवायची, पूर्वरूपात ओळंब्यात उभी करायची. हे दोन कागद एकच करण्याचा मोह आवरावा. मोजणीचा कागद म्हणजे पुरावा आणि चित्र म्हणजे त्यावरचं मत.

ऐकीव माहिती

मागच्या चौकातल्या आजींनी एक गोष्ट सहज सांगितली: "मागच्या माळवदावर आमी ज्वारी वाळवायचो बघा. पुढच्या कौलावर चढू देत नव्हते, कौल फुटंल म्हणून." एका वाक्यात दोन्ही छपरं आली. माळवदाला उजेडाची साणी होती का, हे त्यांना विचारलं तर त्यांनी मागच्या सोप्यातली जागा हाताने दाखवली, आणि वर पाहिलं तर तिथे पत्र्याने झाकलेलं भोक होतं. अंगवळणी पडलेल्या गोष्टी, म्हणजे कुठली पायरी उंच, दिवा कुठल्या कोनाड्यात, पाणी कुठून गळायचं, या माणसं अचूक सांगतात. साल आणि संख्या मात्र आठवणीवरून घेऊ नयेत.

खात्रीच्या चार रेघा

वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेच्या (१९६४) नवव्या कलमात म्हटलं आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. चित्राला एवढं बंधन घातलं तर चित्रच होणार नाही, पण अंदाज कुठून सुरू झाला ते चित्रात दिसलं पाहिजे. संगणकावरच्या पूर्वरूपांसाठी लंडन सनदही हेच मागते: पुरावा किती आणि तर्क किती, हे पाहणाऱ्याला कळावं.

इथे चार पायऱ्या ठरवल्या. जागेवर उभं आहे ते जाड अखंड रेघेत. खुणेवरून सिद्ध झालेलं, जसं माळवद, जिन्याचा वरचा टप्पा, जोतं, ते बारीक अखंड रेघेत. आसपासच्या घरांवरून घेतलेलं, जसं सज्जाची लांबी, ते तुटक रेघेत. निव्वळ तर्क, जसे खांब, तो ठिपक्यांत आणि फिक्या रंगात. कठडा एकाच चित्रात दोन रेघांत आला: ७.३० मीटरपर्यंत अखंड, त्यावरचं टोक तुटक, कारण माथ्याचे दगड गेलेले आहेत. रंगाऱ्याला हे आवडलं नाही. फिके भाग अर्धवट वाटतात, तिथे एखादं लिंबाचं झाड घालावं, अशी सूचना आली. माहीत नसलेली जागा झाडाने झाकायची युक्ती जुनी आहे, पण झाड होतं याचा पुरावा नसेल तर त्याने एका तर्कावर दुसरा तर्क चढतो. झाड घातलं नाही.

एक-दोघांनी फोनवर संगणकाकडून तयार करवलेली चित्रं पाठवली. त्यांत घुमट आणि राजस्थानी झरोके आले होते. अशा चित्रात एकाही रेघेमागे माप नसतं, म्हणून ती तुलनेलाही घेतली नाहीत.

ऊन आणि रंग

दर्शनी बाजू पूर्वेला. जून-जुलैत भर दुपारी सोलापूरचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हाच्या सावल्या वाचणाऱ्याला उलट्या वाटतात. म्हणून मकर संक्रांतीच्या सुमाराची, सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांतली सकाळ निवडली. साडेदहाच्या थोडं पुढे सूर्य आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ४१ अंशांवर असतो. भिंतीवर ऊन तिरपं पडतं आणि घडीव दगडाचे सांधे उठून दिसतात. या उन्हात ६०० मि.मी.च्या सज्जाची सावली भिंतीवर सुमारे ८५० मि.मी. खाली उतरते. ती मोजूनच टाकली. सावली मनाने टाकली तर सज्जा किती बाहेर आहे ते डोळ्याला चुकीचं कळतं.

खाली काळा दगड, वर चुन्याचा गिलावा. सज्जाच्या भोकांलगत विटांच्या सांध्यांत १२ मि.मी. गिलाव्याचे तुकडे चिकटलेले आहेत, त्यावरून वरची भिंत मळकट पांढरी रंगवली. उघड्या विटांची भिंत आज छान दिसते, पण ती गिलावा गळून पडल्यानंतरची आहे.

शेवटचा वाद नगारखान्याचा होता. दरवाज्यावर नगारा वाजायचा, अशी घराण्यात आठवण आहे आणि ती पुसावी असं कोणालाच वाटत नाही. पण दरवाज्यावरची भिंत नेमकी त्याच जागी २.४ मीटरच्या वर उरलेली नाही, त्यामुळे होकाराची खूण नाही तशी नकाराचीही नाही. वारसांकडे मोडी कागदांचं एक बासन आहे, त्याचं वाचन सुरू आहे. त्यात लाकूड, किलच, माती वाहण्याचा खर्च शोधायचा आहे, आणि नगारा वाजवणाऱ्याला काही दिल्याची नोंदही. तोवर छापील फलकावर दरवाज्याच्या वरचा १.९० मीटर रुंदीचा पट्टा कोरा ठेवला आहे आणि त्याखाली लिहिलं आहे: "या जागेचा पुरावा अजून मिळालेला नाही."